मार्चअखेरचा हिशेब : महापालिका वर्षभराचे काय सांगते, कोठे सांगते?

पुणे : शहरातील नागरिकांचे वर्ष ३१ डिसेंबरला संपत असले, तरी महापालिकेचे वर्ष संपते ते ३१ मार्चला. त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत मिळकतकराचे भरणा कक्ष सुरू असतात, लेखा विभागात ठेकेदारांच्या बिलांचे गठ्ठे साचलेले असतात आणि निधी परत जाऊ नये म्हणून फेब्रुवारीत निघालेल्या कार्यादेशांमुळे निम्म्या शहरातील रस्ते खोदलेले असतात. 'मार्चअखेर' हा शब्द सरकारी दफ्तरातून घराघरांत पोहोचला तो याच अनुभवामुळे. वर्षभरात पालिकेने काय केले, किती पैसा आणला, कोठे खर्च केला आणि काय करायचे राहून गेले, हे मात्र त्याच नागरिकाला विचारले तर तो सहसा सांगू शकत नाही. त्याच्यापर्यंत दोनच गोष्टी पोहोचतात. एक कराचे बिल आणि दुसरी चौकातील फलकावरील छायाचित्रे.

वास्तविक महापालिकेने नागरिकांना वर्षाचा हिशेब द्यावा, ही अपेक्षा नसून कायद्यातील तरतूद आहे. पुण्यासह राज्यातील बहुतेक महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार चालतात. मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. या दोन्ही कायद्यांत अंदाजपत्रक, वार्षिक प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षण यांची सविस्तर व्यवस्था करण्यात आलेली आहे. १९४९ च्या अधिनियमात पर्यावरण सद्यस्थिती अहवालाची भर नंतर पडली. कोणता कागद केव्हा तयार होतो, तो कोणापुढे जातो आणि त्यात नेमके काय पाहावे, हे समजले तर वर्षाचा हिशेब तपासणे फार कठीण नाही.

अंदाजपत्रक : तीन रकाने

सर्वाधिक चर्चा होते ती अंदाजपत्रकाची. १९४९ च्या अधिनियमानुसार महापालिका आयुक्तांनी पुढील वर्षाचे अंदाजपत्रक १५ जानेवारीपर्यंत स्थायी समितीला सादर करावयाचे असते. स्थायी समिती त्यात फेरफार करून ते मुख्य सभेपुढे ठेवते आणि वर्ष सुरू होण्यापूर्वी मुख्य सभा त्याला मंजुरी देते. मुंबईत आयुक्तांसाठी ५ फेब्रुवारी ही तारीख आहे. पुण्यात १६ सदस्यांची स्थायी समिती आयुक्तांच्या आकड्यात दरवर्षी काही कोटींची भर घालते, ही जुनी प्रथा. खर्चाच्या मागण्या वाढल्या, की जमेचा अंदाजही तेवढाच फुगवावा लागतो आणि कागदावर दोन्ही बाजू जुळतात.

पुणे महापालिकेचे २०२३-२४ चे अंदाजपत्रक सुमारे ९,५१५ कोटी रुपयांचे होते. २०२४-२५ चे ११,६०१ कोटी, तर २०२५-२६ चे १२,६१८ कोटी रुपयांचे झाले. म्हणजे दोन वर्षांत अंदाजपत्रकाचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढला. मुंबई महापालिकेच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे ५२,६१९ कोटी, ५९,९५४ कोटी आणि ७४,४२७ कोटी रुपये असे आहेत. मथळे याच आकड्यांचे होतात. नागरिकाच्या दृष्टीने मात्र हा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे, कारण तो नावाप्रमाणेच अंदाज आहे.

अंदाजपत्रकाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षकापुढे साधारणतः तीन प्रकारचे आकडे दिलेले असतात. आधीच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा किंवा खर्च, चालू वर्षाचा मूळ व सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. जाणकार वाचक पुस्तक उघडतो तो पहिल्या रकान्यासाठी. एखाद्या रस्त्यासाठी, उद्यानासाठी किंवा दवाखान्यासाठी मागील वर्षी तरतूद किती होती आणि त्यातील प्रत्यक्ष किती खर्च झाली, हे तेथे दिसते. तरतूद दहा कोटींची, प्रत्यक्ष खर्च काही लाखांचा आणि पुढील वर्षी पुन्हा दहा कोटींची तरतूद, असे चित्र दिसले, तर ते काम झालेले नाही आणि त्याची घोषणा मात्र दुसऱ्यांदा होणार आहे, एवढे निश्चित समजावे.

या पुस्तकात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे 'वर्गीकरण'. एका लेखाशीर्षकावरील शिल्लक रक्कम वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वळविण्याला पुणे पालिकेत हा शब्द आहे. अशा प्रस्तावांना सभेची मान्यता लागते. पाण्याच्या टाकीसाठी राखलेला पैसा पदपथाच्या फरशांकडे कसा गेला, याचे उत्तर अंदाजपत्रकात शोधून मिळत नाही. ते वर्गीकरणाच्या ठरावांत असते. त्याचप्रमाणे नगरसेवकांनी प्रभागासाठी सुचविलेली लहान कामे 'स' यादीत असतात. बाके, कचऱ्याच्या बादल्या, कापडी पिशव्या, नामफलक यांवरील खर्चाबाबत वर्षानुवर्षे जी ओरड होते, तिचे मूळ या यादीत सापडते. यादी कंटाळवाणी असते, पण आपल्या प्रभागाची दोन पाने वाचायला अर्धा तास पुरतो.

जमेची बाजू समजण्यासाठी थोडा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. एके काळी जकात हा महापालिकांचा कणा होता. नाक्यावर रोज पैसा जमा होत असे आणि रोजची तिजोरी रोज भरत असे. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला. मुंबईत जकात राहिली ती १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत. त्यानंतर महापालिकांना राज्य सरकारकडून भरपाई मिळते आणि ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढविण्याची तरतूद २०१७ च्या राज्य कायद्यात आहे. पैसा येतो, पण तो शासनाकडून येतो. आपल्या हातात राहिलेल्या उत्पन्नाची मुख्य साधने म्हणजे मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे विकसन शुल्क. त्यातील दुसरे बांधकाम व्यवसायाच्या तेजी-मंदीवर अवलंबून असते. म्हणून जमेचा अंदाज चुकण्याची शक्यता सर्वाधिक याच ठिकाणी असते.

कपाटातले अहवाल

अंदाजपत्रकाला निदान वर्तमानपत्रांत जागा मिळते. उरलेल्या तीन अहवालांच्या वाट्याला तेही भाग्य येत नाही.

पहिला वार्षिक प्रशासन अहवाल. आर्थिक वर्ष संपल्यावर मागील वर्षातील सर्व विभागांच्या कामाचा तपशील आणि जमाखर्चाचे विवरण आयुक्तांनी तयार करावे, असे कायदा सांगतो. किती जन्ममृत्यूंची नोंद झाली, किती बांधकामांना परवानगी दिली, शाळांतील पट किती, अग्निशामक दलाला किती वर्द्या आल्या, असा कोरडा पण मोलाचा मजकूर त्यात असतो. शहराचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाला उद्या हाच कागद लागेल.

दुसरा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल. १९४९ च्या अधिनियमातील कलम ६७ अ नुसार तो दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभेपुढे ठेवावयाचा असतो. हवा, ध्वनी, नदीचे पाणी, सांडपाणी, घनकचरा, वाहनांची संख्या आणि वृक्ष यांची माहिती त्यात येते. हा अहवाल मागील आर्थिक वर्षाचा असल्यामुळे आकडे हाती पडतात तेव्हा किमान चार महिने शिळे झालेले असतात. तरीही लागोपाठ चार-पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून पाहिले, की काही बाबी स्वच्छ दिसतात. मुळा-मुठेचे उदाहरण घ्यावे. नदीत जाणारे सांडपाणी रोखण्यासाठी जपानच्या 'जायका' संस्थेच्या अर्थसाह्याचा सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. ११ शुद्धीकरण केंद्रे आणि दररोज ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता, असे त्याचे स्वरूप. मूळ मुदत होती जानेवारी २०२२. त्याचे भूमिपूजन झाले ते ६ मार्च २०२२ रोजी. काम पूर्ण होण्याची मुदत टळल्यानंतर कामाचा नारळ फुटला! मधल्या वर्षांत नदीसाठीच्या योजनांत या प्रकल्पाचा उल्लेख होत राहिला आणि नदी होती तशीच राहिली.

तिसरा अहवाल लेखापरीक्षणाचा. तो वाचायला सर्वांत कठीण, आणि खिशाला सर्वांत जवळचा. महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आपले आक्षेप स्थायी समितीपुढे मांडतो. त्याशिवाय शासनाच्या स्थानिक निधी लेखापरीक्षेकडूनही तपासणी होते. हे आक्षेप म्हणजे खात्याखात्यांतील पत्रव्यवहार, आपला त्याच्याशी काय संबंध, असा नागरिकांचा समज असतो. तो किती चुकीचा आहे हे पुणेकरांनी मिळकतकराच्या बाबतीत अनुभवले. घरमालक स्वतः राहत असलेल्या घरांना पुण्यात १९७० पासून वाजवी भाडे ठरविताना ४० टक्के सवलत मिळत होती. लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप निघाले, शासनाकडे विषय गेला आणि सवलत थांबली. थकबाकीच्या धसक्याने हजारो कुटुंबे क्षेत्रीय कार्यालयांत खेटे घालू लागली, तेव्हा कोठे हा आक्षेप आधीपासून कागदावर होता हे लोकांना कळले. पुढे २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने सवलत परत आली. तीही आपोआप नव्हे. ज्यांची सवलत गेली होती त्यांना पीटी-३ अर्ज भरून, पुरावे जोडून ती मागावी लागली. हा निर्णय ज्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचला नाही, त्यांनी अधिक रकमेची बिले भरली.

सभागृह नसलेली वर्षे

हे सर्व कागद कोणापुढे 'ठेवायचे'? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. लोकांनी निवडलेल्या सभागृहापुढे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी, तर पुणे महापालिकेची १४ मार्च २०२२ रोजी संपली. प्रभागरचना, सदस्यसंख्या आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांवरील न्यायालयीन वादांत निवडणुका अडकल्या. राज्यघटनेच्या कलम २४३ यू नुसार पालिकेची मुदत पाच वर्षांची असून, ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात पुणे, मुंबईसह राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मुंबई-पुण्यात जवळपास चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते.

या काळात कामकाज थांबले नाही. पाणी आले, कचरा उचलला गेला, पगार झाले. निर्णय जलद झाले, असेही अनेकांचे मत आहे आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु हिशेब देण्याच्या पद्धतीचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. आयुक्त म्हणून अंदाजपत्रक मांडणारा, स्थायी समिती म्हणून ते तपासणारा आणि मुख्य सभा म्हणून त्याला मंजुरी देणारा अधिकारी एकच होता. २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ ही पुण्याची तीन अंदाजपत्रके मार्च महिन्यात जाहीर झाली. १५ जानेवारी ते ३१ मार्च हा जो अडीच महिन्यांचा अवकाश कायद्याने चर्चेसाठी ठेवला आहे, तो काही दिवसांवर आला. वर्गीकरणाचे प्रस्तावही याच मार्गाने मंजूर झाले. लेखापरीक्षकाचे आक्षेप स्थायी समितीकडे जायचे, आणि स्थायी समितीचे अधिकार होते ज्या प्रशासनावर आक्षेप, त्याच्याच प्रमुखाकडे.

मुख्य सभेतील भाषणे पुष्कळदा कंटाळवाणी असत. सभात्याग, घोषणा आणि राजदंड पळविण्याचे प्रकारही पुणेकरांनी पाहिले आहेत. तरीही सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळत असे आणि विरोधाची नोंद कार्यवृत्तात होत असे. पुण्याला या नोंदीचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर करावयाच्या खर्चाला त्यांनी विरोध केला आणि त्या वेळी ते एकटे होते, हे सर्वश्रुत आहे. त्या एका विरोधी मतामुळे नगरपालिकेचा तो खर्च आजही लोकांना ठाऊक आहे.

समाविष्ट गावांचा प्रश्न

सभागृह नसल्याचा सर्वाधिक फटका कोणाला बसला, तर हद्दीलगतच्या गावांना. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. क्षेत्रफळाने पुणे राज्यातील सर्वांत मोठी महापालिका झाली. २०२१ मध्ये आलेल्या गावांची ग्रामपंचायत गेली आणि काही महिन्यांत महापालिकेचे सभागृहही गेले. नगरसेवक निवडून देण्याची संधी मिळण्यापूर्वीच तेथील रहिवासी करदाते झाले. कराच्या आकारणीवरून या गावांत आंदोलने झाली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे तर पुढे महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा हा प्रश्न केवळ कराचा नाही हे लक्षात आले. मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या या आजाराच्या संशयित रुग्णांची संख्या पुढील काही आठवड्यांत दोनशेच्या पुढे गेली. काहींचा मृत्यू झाला. नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या भागांतून रुग्णांची संख्या अधिक होती. रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले आणि दूषित पाण्याकडे संशयाची सुई वळली. नांदेडच्या विहिरीतून परिसराला पाणी दिले जात होते. त्यात जंतुनाशक टाकले जात असे, परंतु शहराच्या मध्यभागाला मिळते तशी शुद्धीकरण केंद्राची प्रक्रिया त्यावर होत नव्हती.

खडकवासला धरण या गावांच्या हाकेच्या अंतरावर आहे, हा यातील विलक्षण भाग! पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांतील साठा किती टीएमसी झाला, हे पावसाळ्यात रोज छापून येते. शुद्ध केलेले पाणी कोणत्या गल्लीपर्यंत पोहोचले आणि कोणत्या गल्लीत विहिरीचे किंवा टँकरचे पाणी येते, हे मात्र कोणत्याही वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर नसते. नागरिकाला वर्षाअखेर हवी असलेली माहिती नेमकी ही आहे. आपल्या नळाला येणारे पाणी कोठून येते, त्याचे नमुने कितीदा तपासले, त्यातील किती पिण्यास अयोग्य ठरले? महापालिकेची प्रयोगशाळा नमुने तपासते. निकाल कागदावर असतात. ते मागितले तर मिळतात.

सांगण्याची संधी : ऑगस्ट-सप्टेंबर

हिशेब ऐकण्याबरोबर काय करावे हे सांगण्याचीही सोय पुण्यात आहे. २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून महापालिकेने नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक तयार करण्याचा उपक्रम सुरू केला. देशात असा प्रयोग करणाऱ्या पहिल्या काही शहरांत पुण्याची गणना होते. पदपथाची दुरुस्ती, पथदिवे, बाके, स्वच्छतागृह, बसथांब्याची शेड, अशी प्रभागातील लहान कामे नागरिकांनी अर्ज भरून सुचवावीत आणि त्यांचा अंदाजपत्रकात समावेश व्हावा, अशी ही पद्धत. एका कामाची मर्यादा पाच लाख रुपयांची ठेवण्यात आली. अर्ज क्षेत्रीय कार्यालयांत आणि नंतर संकेतस्थळावरही मिळू लागले. मुदत बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते. ती निघून गेल्यावर एप्रिलमध्ये हातात अर्ज घेऊन येणारे नागरिक दरवर्षी दिसतात.

या उपक्रमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुचविलेले काम मंजूर झाले की नाही, नामंजूर असल्यास का, याचे उत्तर प्रत्येक अर्जदाराला मिळतेच असे नाही. तरतूद झालेले कामही वर्गीकरणात जाऊ शकते. एका सोसायटीने सलग तीन वर्षे एकच पथदिवा सुचविला तरी नवल वाटू नये.

क्षेत्रीय कार्यालयाच्या पातळीवर प्रभाग समिती ही दुसरी सोय. पुण्यात अशी १५ क्षेत्रीय कार्यालये आहेत. प्रभाग समितीत त्या भागातील नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. या तरतुदीचा राजकीय पुनर्वसनासाठी वापर होतो, अशी तक्रार बहुतेक शहरांत ऐकू येते. राज्याने क्षेत्रसभांचीही तरतूद कायद्यात केली. खेड्यात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची सभा व्हावी, ही त्यामागील कल्पना. ती कागदावरून रस्त्यावर फारशी उतरली नाही. चार नगरसेवकांच्या मोठ्या प्रभागात क्षेत्रसभा नेमकी कोणी बोलवायची, हा प्रश्नच अनुत्तरित राहिला.

मुंबईत १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेली 'एएलएम' चळवळ याच प्रकारातली. गल्लीतल्या रहिवाशांनी कचरा वेगळा करायचा, परिसरावर लक्ष ठेवायचे आणि प्रभाग कार्यालयाशी नियमित बैठका घ्यायच्या. तिचा जोर काळाच्या ओघात कमीअधिक होत राहिला. पुण्यात २००८ पासून कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेबरोबर पालिकेचा करार झाला आणि दारोदारचा कचरा गोळा करण्याची घडी बसली. त्या कराराच्या नूतनीकरणाची वेळ आली, की दरवेळी अनिश्चितता निर्माण होते आणि रहिवाशांना ती कळते तेव्हा दारात बादली भरलेली असते.

बिल, व्याज आणि सोमवार

मिळकतकराचे बिल हा वर्षातून एकदा प्रत्येक घरात पोहोचणारा पालिकेचा एकमेव अधिकृत कागद. त्यावरचा एकूण आकडा पाहून ते फ्रिजवर चुंबकाने अडकवले जाते. त्याऐवजी करांची विभागणी पाहावी. सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, मलनिस्सारण कर, अग्निशमन कर, वृक्षकर, महापालिका शिक्षण उपकर अशी वेगवेगळी रक्कम त्यात असते, शिवाय राज्य शासनाचे शिक्षण आणि रोजगार हमी उपकर पालिका केवळ वसूल करून देते. मलनिस्सारण कर भरणाऱ्या रहिवाशाच्या इमारतीला मलवाहिनीच नसेल, तर तक्रार करण्यासाठी याहून चांगला पुरावा नाही. आर्थिक वर्षाच्या सुरुवातीच्या मुदतीत पूर्ण वर्षाचा कर भरल्यास पुण्यात सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट मिळते, तर थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे.

पालिकेकडून नियमित माहिती मिळणारा आणखी एक वर्ग आहे. २०१७ च्या जून महिन्यात पुणे महापालिकेने पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले आणि मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंद झाली. पालिकेची आर्थिक स्थिती या रोखेधारकांना ठरावीक काळाने कळविणे 'सेबी'च्या नियमांनी बंधनकारक आहे. कर्ज देणाऱ्याला घरबसल्या मिळणारी माहिती कर देणाऱ्याला मागून घ्यावी लागते, एवढाच फरक.

मागण्याची रीत सोपी आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ प्रकारची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करून दरवर्षी अद्ययावत करावयाची असते. प्रत्येक विभागाला मिळालेली तरतूद, प्रस्तावित खर्च आणि प्रत्यक्ष दिलेल्या रकमांचा अहवाल यांचा त्यात समावेश आहे. संकेतस्थळावर ती नसेल किंवा जुनी असेल, तर दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करता येतो. प्रतीसाठी पानाला दोन रुपये पडतात आणि उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते. उत्तर न आल्यास किंवा अपुरे असल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करता येते.

अर्जाची भाषा जितकी नेमकी, तितके उत्तर उपयोगी. 'आमच्या भागात काय विकासकामे झाली?' असे विचारल्यास मोघम उत्तर येते. प्रभागाचा क्रमांक, आर्थिक वर्ष, लेखाशीर्षक, कार्यादेशाची तारीख, ठेकेदाराला दिलेली रक्कम आणि दोषदायित्व कालावधी यांची प्रत मागितल्यास टाळाटाळीला जागा उरत नाही. दोषदायित्व कालावधीत उखडलेला रस्ता ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा असतो. त्याच रस्त्यासाठी पुढील अंदाजपत्रकात पुन्हा तरतूद दिसली, तर विचारण्याचा प्रश्न आपोआप समोर येतो.

अर्जही न करता कागद पाहण्याची एक वाट आहे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेत आधीपासून होती. राज्य शासनाने २०१८ मध्ये जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तीच लागू केली. सोमवारी सुटी आल्यास लगतच्या कामाच्या दिवशी जावे. सोबत ओळखपत्र आणि शक्य असल्यास अंदाजपत्रकाच्या त्या पानाची प्रत असावी, कारण लेखाशीर्षकाचा क्रमांक सांगितला की फाइल लवकर सापडते.